साळवेबाईंची कारणं

साळवेबाईंना कुणी विसराळू म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझा सख्खा मेहुणा मागं एकदा चहा पिता पिता सहज म्हणाला, "त्या तुमच्या समोरच्या बाई, शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं म्हणे." मी म्हटलं, कप खाली ठेव आणि नीघ. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि खरंच कप खाली ठेवला. बायको पुढं किती दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. नसू दे.

बाईंना आठवत होतं. ज्या जागी त्या आठवणी ठेवत होत्या ती जागा त्यांच्याकडून काढून घेतली, आणि ज्यानं घेतली त्याला आजही वाटतं की आपण आईचं भलं केलं. हे मी शांतपणे सांगू शकणार नाही. ज्याला शांतपणे ऐकायचं असेल त्यानं दुसऱ्या कुणाला विचारावं.

यमुना साळवे. मुकुंदवाडीच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी गणित. पुढं दोघंही निवृत्त झालो आणि योगायोगानं एकाच गल्लीत राहायला होतो. त्यांचं कोपऱ्यावरचं दोन खोल्यांचं घर, त्याच्या बरोबर समोर आमचं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात पेन खोचलेलं. ते पेन शोधायला अख्खी टीचर्स रूम लागायची आणि ते अंबाड्यातच असायचं. चालणं इतकं भरभर की वर्गात त्या आधी शिरायच्या आणि पाठोपाठ त्यांचा आवाज. आवाजही असा की शेजारच्या वर्गात मी लसावि शिकवत असलो तरी माझ्या पोरांना मान्सूनची शाखा कुठून वळते ते तोंडपाठ.

त्यांची एक खोड होती. समोरचा काहीही बोलला की तळहात पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "कारण?" भीक मागतात तसा हात. शिपायापुढं करायच्या, भाजीवालीपुढं करायच्या, मुख्याध्यापकांपुढंही करायच्या. एकदा पोरांची सहल नेण्यावरून मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तसा नियम नाही." बाईंचा हात तसाच पुढं. "नियम नाय हे कारण नाय, सर. ती टाळाटाळ झाली. कारण सांगा, मी गप बसते." मुख्याध्यापकांना कारण सापडेना, सहल गेली. पण एक सांगतो, हाच हात त्या स्वतःपुढंही करायच्या. स्वतःकडं कारण नसलं तर भर मीटिंगमध्ये उभं राहून म्हणायच्या, "माझ्यापाशी कारण नाय, मी माघार घेते," आणि खाली बसायच्या. असं माघार घेणारं माणूस मी आमच्या शाळेत दुसरं बघितलं नाही. मी तर आजतागायत घेतलेली नाही.

मोबाइलवर इंटरनेट आलं तेव्हा आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी त्या गोष्टीचा वैरी. आमच्या घरात पाठांतराला देव मानलेलं. वडील अंघोळ करता करता अध्यायच्या अध्याय म्हणायचे, आजोबा कचेरीत कारकून, त्यांना गावचे सर्व्हे नंबर पाठ. डोकं म्हणजे आमच्याकडं कुलूपबंद तिजोरी. पोरं साधं सतरा नव्वे विचारलं तर खिशात हात घालायला लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. टीचर्स रूममध्ये मी एक दिवस टेबलावर हात आपटून म्हटलं, "विचार डोक्यात करायचा असतो, खिशात नाही!"

बाई डबा खात होत्या. घास गिळून म्हणाल्या, "कारण?"

"कारण काय कारण? विचार डोक्यातच होतो!"

"तुमच्याकडं होत असंल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं पाठांतराची रीत. आमच्या लोकांना कुणी पाठांतर करू दिलं होतं व्हय? आमच्याकडं दुसरी रीत होती."

मग त्यांनी सांगितलं. कन्नडजवळच्या खेड्यात त्यांचं बालपण गेलं. दिवस मावळला की वस्तीतली सगळी विहारात जमायची आणि ज्याला वाचता यायचं तो एकजण मोठ्यानं वाचून दाखवायचा. पेपर असो, बाबासाहेबांचं भाषण असो, नाहीतर सरकारी नोटीस असो. "पण त्याला दोन ओळी कुणी सलग वाचू देत नव्हतं, सर. कुणी म्हणायचं थांब, परत वाच. कुणी म्हणायचं हे खोटंय. कुणाला मागच्या वर्षीचं आठवायचं. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. पण ती विचार करायची, अन् लई करायची. डोळे त्या वाचणाऱ्याचे, आठवण शेजारणीची, सवाल आईचा. आता तुम्ही गणितवाले, हिशेब करून सांगा. तो विचार कुणाच्या डोक्यात झाला?"

हिशेब जुळला नाही की मी चिडतो, तसा चिडलो. म्हटलं, "माणसांची गोष्ट वेगळी, यंत्राची वेगळी."

"वेगळीच आहे," बाई म्हणाल्या. "इथं वाचून दाखवणारा एक अन् बसणारी सगळी दुनिया. अन् थांब, परत वाच असं त्याला कुणीच म्हणत नाय. पोरांना ते म्हणायला शिकवायचं सोडून तुम्ही टेबल बडवता."

त्या वर्गात तेच शिकवायला लागल्या. पोरांना घरून फोन आणायची परवानगी दिली. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या, पालकांच्या तक्रारी. बाईंची पद्धत अशी की आधी स्वतःचं बोलायचं, चुकलं तरी चालेल. मग फोनला विचारायचं. मग दोघांत भांडण लावायचं. एकदा शाळेची तपासणी चालू होती आणि त्यांनी सवाल टाकला, आपल्याकडं दुष्काळ का पडतो? एका मुलीनं फोनमध्ये बघून खणखणीत वाचलं, पर्जन्यछायेचा प्रदेश, काळा खडक, पाणी मुरत नाही. तपासणीला आलेले साहेब खूश. बाई म्हणाल्या, "सगळं खरंय. पण तुझ्या घरामागं ती नवी कंपनी झाली. तिच्या हिरवळीवर रोज पाणी मारतात, ते यात आलंय का?" मुलगी म्हणाली, नाही बाई. "मग तुझ्या घरी टँकर कधी येतो ते आलंय का?" नाही बाई. "मग हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तू बोल." साहेबांचा चेहरा कडू झाला. मुलगी मात्र जी बोलत सुटली ती तास संपेपर्यंत थांबली नाही.

स्वतःचा चांगला फोन बाईंनी निवृत्तीनंतर घेतला, शहागंजात. मला ओढत घेऊन गेल्या, कारण मी घासाघीस चांगली करतो. दुकानदार पोरगा कॅमेरा दाखवतोय, गाणी दाखवतोय, आणि बाई एकच विचारतायत, "इसको याद कितना रहता?" पोरगा म्हणाला, "मॅडम, आपसे ज्यादा." मला राग आला, म्हटलं नीट बोल. बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. "सर, हा खरं बोलला," म्हणाल्या, आणि तोच फोन घेतला. माझी घासाघीस राहूनच गेली.

मग ती लागोपाठची कोरडी वर्षं आली. शहर चौफेर वाढत होतं, जालना रोडला काचेच्या इमारती उठत होत्या, जिथं परवापर्यंत ज्वारी होती तिथं प्लॉटचे दगड. आणि नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी, तेही कधी पहाटे, कधी भरदुपारी. बायका नोकऱ्या सोडून नळापाशी बसलेल्या. नवीन इमारतींना मात्र टँकर रांगेनं. हे बघून ज्याचं रक्त उसळलं नाही त्याला मी माणूस म्हणत नाही. बाईंनी गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. वरच्या गल्लीत पाणी आलं की तिथलं कुणी कळवणार, मग आपल्याकडं अर्ध्या तासात. मोठी सोय झाली. गल्ली निर्धास्त झाली. इतकी निर्धास्त की एक दिवस भलतंच घडलं.

कुणीतरी कुठूनतरी आलेला मेसेज ग्रुपवर ढकलला, मुख्य पाइपलाइन फुटली, गुरुवारपर्यंत पाणी नाही. झालं. सगळी गल्ली हात चोळत बसली, महापालिकेला शिव्या घालत. फोनवर रागाच्या बाहुल्या पाठवणं चालू. मीसुद्धा ओट्यावर उभा राहून तोंडाचा पट्टा सोडला होता. तेवढ्यात बाई बाहेरून आल्या. आल्या त्या आमच्या फाटकाजवळ थबकल्या आणि ओरडल्या, "अहो, तुमच्या नळाचा आवाज येतोय!"

पाणी आलं होतं. केव्हाचं आलं होतं. घराघरात नळ उघडे, खाली भांडं नाही, पाणी मोरीतून वाहून चाललेलं, आणि आम्ही सगळे शहाणे फोनकडं बघत पाणी नाही म्हणून बोंबलत होतो. बादल्या घेऊन पळेपर्यंत धार बारीक झाली होती.

त्या दिवशीइतकं चिडलेलं मी बाईंना कधी बघितलं नाही. गल्लीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना झाडलं. "नळाला हात लावून बघायला काय झालं होतं? फोन डोक्याला जोडून घ्या म्हटलं, डोकं काढून त्याच्या हातात द्या म्हटलं नव्हतं!" मला वाटलं, आता ग्रुप बंद करतील. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता, माझंच खरं ठरलं म्हणून. पण बाईंनी बंद केला नाही. नियम घातला. ग्रुपवर जो कुणी लिहील त्यानं आधी एक शब्द टाकायचा, 'पाहिलं' किंवा 'ऐकलं'. स्वतः पाहिलं असेल तर पाहिलं, दुसरीकडून आलं असेल तर ऐकलं. एवढंच. लोकांनी आधी चेष्टा केली. मग सवय पडली. पुढं तर आमच्या गल्लीतली पोरं तोंडीसुद्धा तसंच बोलायला लागली. "ऐकलं, उद्या सुट्टी." "पाहिलं, नोटीस लागलीय." साऱ्या शहरात एक आमच्याच गल्लीत अफवा टिकत नव्हती, हे मी छातीठोक सांगतो.

त्यानंतर काही काळानं बाईंना विसर पडायला लागला. एक दिवस भाजी घेऊन परत येताना कोपऱ्यावर स्वतःच्याच घरासमोर उभ्या राहिल्या. मी ओट्यावर होतो. म्हणाल्या, "सर, यातलं माझं घर कोणतं?" मी उठून फाटक उघडून दिलं. त्या आत गेल्या, पाणी प्यायल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरनं मागंच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगायचं विसरले." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

दुसरं कुणी खचलं असतं. बाई कामाला लागल्या. फोनमध्ये स्वतःचा आवाज भरायला लागल्या. औषधं कधी घ्यायची, गॅस बंद केला का, हे तर होतंच. पण तेवढंच असतं तर मी इतका जळलो नसतो. त्या विचार भरून ठेवायच्या. एखाद्या गोष्टीवर दिवसभर डोकं चालवायचं, नेटवर शोधायचं, जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सवाल टाकायचा, त्यांची उत्तरं यायची, त्यांच्याशी वाद घालायचा, आणि संध्याकाळी बोलून ठेवायचं, आज मी इथवर आले, या या कारणानं. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचं आणि कालचं ऐकायचं. स्वतःच्या आवाजाला त्या 'ही बाई' म्हणायच्या. "ही बाई काल बरोबर बोलली." कधी म्हणायच्या, "छे, हिचं काहीतरी चुकतंय," आणि लगेच तिचं खोडून नवं भरायच्या. दहा मिनिटांपूर्वी चहा प्यायला का ते त्यांना सांगता येत नव्हतं. पण हाती घेतलेला विचार सुटत नव्हता. मी समोर बसून बघत होतो. टेबल बडवून मी जे म्हटलं होतं, विचार डोक्यातच होतो, ते माझ्या डोळ्यादेखत रोज खोटं पडत होतं. बाईंचा विचार थोडा डोक्यात, थोडा फोनमध्ये, थोडा पुण्यामुंबईला पसरलेल्या पोरांत चालत होता, आणि तरी तो सगळा बाईंचाच होता. आवाजात ओळखू यायचा.

त्याच सुमारास आमच्या गल्लीवर एका बिल्डरची नजर गेली. रस्ता रुंद होणार, कोपऱ्याच्या जागेला भाव आलेला. बाईंचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला. आमचाच विद्यार्थी, गणितात बरा होता. त्याचं म्हणणं, आईनं घर विकून पुण्याला यावं, चौदाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. बाईंनी लगेच नाही म्हटलं नाही. त्यांनी त्यावर कित्येक आठवडे विचार केला. मी ऐकत होतो ना. एका सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून ऐकवलं. फोनमधल्या बाई ठणकावून सांगत होत्या, "मी इथं हरवले तर कुणीही मला घरी आणून सोडतं. दूधवाला सोडतो, रिक्षावाला सोडतो, समोरचे कुलकर्णी सर सोडतात. या गल्लीला माझं घर ठाऊक आहे, म्हणून मला नसलं तरी चालतं. चौदाव्या मजल्यावर मी हरवले तर हरवलेच. म्हणून घर विकायचं नाय." आणखीही कारणं होती, एकामागून एक, विहाराची, दवाखान्याची. प्रशांतचा फोन आला तेव्हा बाईंनी तेच त्याला ऐकवलं. म्हणाल्या, "ऐक, तुझी आई काय म्हणते."

मग त्या उन्हाळ्यात कुणा भामट्यानं बँकेतून बोलतोय म्हणून बाईंना फोन केला. बाईंनी त्याला कारण विचारून विचारून बेजार केला आणि काहीही न सांगता ठेवून दिला. पण हे प्रशांतच्या कानावर गेलं आणि तो धावत आला. आईला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, फोनची सवय कमी करा, मेंदूला व्यायाम द्या, शब्दकोडी सोडवायला लावा. झालं. प्रशांतनं फोन काढून घेतला. नंबर बंद केला. सगळ्या ग्रुपांतून आईचं नाव काढलं. हातात एक बटणांचा फोन आणि शब्दकोड्यांचं पुस्तक दिलं.

मी गेलो तेव्हा बाई कॉटवर बसल्या होत्या. हात उशीखाली जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. समोर पुस्तक. आयुष्यभर पोरांकडून कारण वसूल केलेली ही बाई, आणि तिच्या पुढ्यात 'फुलाचे नाव, तीन अक्षरी'! मला बघून म्हणाल्या, "सर, मी काहीतरी ठरवलं होतं ना?"

मी प्रशांतला अंगणात नेलं. "फोन दे तिचा."

"सर, तुम्हीच तर वर्गात म्हणायचा, फोननं डोकं बिघडतं."

"ते पोरांना म्हणायचो! हिचं डोकं बिघडलंय म्हणूनच तर फोन पाहिजे. लंगड्याची काठी काढून घेऊन त्याला चालायचा व्यायाम दे म्हणणारा डॉक्टर कुठं मिळाला तुला?"

"सर, नुसता फोनच आहे हो."

"दे म्हणतो ना!"

त्यानं मान खाली घातली. फोन नव्हता. बटणांचा घेताना जुना दुकानात बदल्यात देऊन आला होता, सगळं पुसून. "फोटो घेतलेत सर सगळे," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग तेवढी राहिली. लई होती, अन् त्यात आईची तीच तीच बडबड होती. ऐकून मलाच रडू यायचं."

बडबड! मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गल्लीतली माणसं बाहेर आली. मी म्हटलं, तुझ्या आईच्या डोक्यावर दगड घातला असतास तर पोलिसांनी तुला धरला असता, आणि हे तू दुकानात जाऊन, पावती घेऊन केलंस, म्हणून तुला कुणी धरत नाही. तो रडायला लागला. तेच तर माझ्या जिवाला लागतं. पोरगा वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. वाईट माणसाचा राग निदान एका जागी बसतो. याचा राग कुठं ठेवावा ते मला अजून समजलेलं नाही.

आईला घेऊन पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला बोलावलं. सामान बांधून झालेलं, खोक्यांवर खोकी. टेबलावर बिल्डरच्या कराराचे कागद. बाई खुर्चीत, साडी इस्त्रीची, अंबाड्यात पेन. माझं बोलणं मनाला लागलं असावं, प्रशांतनं नवा फोन आईच्या हातात ठेवला, मोठा, महागाचा. "आई, हा तुझ्यासाठी. यात नवीन सोय आहे. काहीही विचार, माणसासारखं उत्तर देतो." त्याला खरंच वाटत होतं की घेतलं होतं त्याहून चांगलं परत देतोय.

बाईंनी फोन तोंडाजवळ धरला. जुनी सवय. "मी घर विकायला नाय म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "का म्हणाले होते?"

फोन बोलला. छान मराठी, कुठंही न अडखळता. वयस्कर व्यक्तींना घर सोडणं अवघड जातं, भावनिक गुंतवणूक असते, ओळखीचा परिसर असतो, बदलाची भीती असते. बाई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "थांब, परत सांग." त्यानं परत सांगितलं, थोडं वेगळ्या शब्दांत.

"बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "हुशार आहे. पण ही कुणाची कारणं सांगतोय? ही कुणाचीही असतील." फोन त्यांनी प्रशांतकडं परत केला. "घे बाळा. परक्यासमोर मला विचार करता येत नाय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मला ठाऊक आहेत तुमची कारणं! मी ऐकलीत तुमच्याच तोंडून. इथं हरवलात तर गल्ली तुम्हाला घरी आणून सोडते, पुण्यात कोण सोडणार, असं तुम्ही म्हणाला होता!"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मन लावून, वर्गात एखाद्या पोराचं उत्तर तपासावं तसं. "चांगलं कारण आहे, सर," त्या हळूच म्हणाल्या. "पण ते मला आतून लागत नाय. तुमच्या शब्दावर पोराला अडवून धरू? माझ्यापाशी माझं असायला पाहिजे होतं. ते नाय."

मी प्रशांतकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं, त्यानं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. य. भी. साळवे, फळ्यावर लिहायच्या तसं ठळक, सुटं अक्षर. शेवटच्या पानावर सही झाली तेव्हा पेन खाली ठेवलं आणि मुलाकडं वळून तळहात पुढं केला.

"झालं? आता मला सांग, मी काय केलं ते."

प्रशांत कागद गोळा करत होता.